विहिरीच्या दगडावरचा ‘नी’

परवा फोनवर तन्वी म्हणाली, “आजी, मी खूप तहान लागली.”

मागून तिचा भाऊ रोहन ओरडला, “मी नाही गं, मला! मला तहान लागली!”

“पण थर्स्टी तर मीच आहे ना? मग ‘मी’ का नाही?”

तिच्या रविवारच्या मराठी वर्गाची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून तिची आई घाईघाईने म्हणाली, “अगं, नियम आहे तो, पाठ कर.” मला ते उत्तर आवडलं नाही. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं आणि ‘नियम आहे, पाठ कर’ हे वाक्य माझ्या वर्गात मी कधी येऊ दिलं नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहायला बसले आहे. परीक्षेला उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही.

इकडे लातूरला चैत्र संपत आला आहे. कडुनिंबाचा मोहोर झडून अंगणात पिवळट भुगा साचतो. सकाळी उंबऱ्यापर्यंत आलेलं ऊन संध्याकाळी निघायचं नाव घेत नाही. गल्लीत टँकर आला की त्याच्या जाड नळीचा ओला रबरी वास घरात शिरतो, आणि त्या वासाबरोबर मला दरवेळी रेणापूरचा तो उन्हाळा आठवतो. तन्वीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या उन्हाळ्यात मिळालं होतं.

आधी थोडं व्याकरण. घाबरू नका. इंग्रजीतला ‘आय’ फार ताठ गृहस्थ आहे. तो आंबा खातो तेव्हा ‘आय’, घरी जातो तेव्हा ‘आय’, त्याला तहान लागते तेव्हाही ‘आय’च. काहीही होवो, वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर तोच बसलेला. मराठीत तसं चालत नाही. मराठी आधी विचारते, बाबा रे, तू नक्की काय केलंस? नुसता गेलास, आलास, पडलास, तर ‘तो गेला, तो पडला’. काही खाल्लंस, फोडलंस, बांधलंस, तर ‘त्याने खाल्लं, त्याने बांधलं’. आणि तू काहीच केलं नाहीस, तुझ्यावर काहीतरी येऊन पडलं, तर ‘त्याला’. त्याला ताप आला, त्याला राग आला, त्याला तहान लागली. म्हणजे तन्वी, तहान तू केलेली नसतेस. ती बाहेरून येते आणि तुला लागते, दाराची चौकट डोक्याला लागते तशी.

माझं लहानपण बिलोलीला गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथून तेलंगणाची हद्द जवळ. शेजारच्या तेलुगू अक्का आमच्याशी मराठीत बोलायच्या, आणि त्यांच्या बोलण्यात ‘ने’ कधीच नसायचा. “तुझा भाऊ सगळी भाकर खाल्ला बघ!” असं त्या ओरडायच्या. भाऊ हसून लोळायचा. मोठी होऊन नांदेडला कॉलेजात गेले, तेव्हा माझ्या खोलीतली मैत्रीण दखनी बोलायची. ती म्हणायची, “मैं खाना खाई, हम पिच्चर देखे.” तिच्याही बोलण्यात ‘ने’ नव्हता, आणि उत्तरेकडून आलेले आमचे हिंदीचे सर त्यावरून चिडायचे. मला मात्र मौज वाटायची. एकाच बाजारात, एकाच चिंचेखाली उभ्या राहिलो असतो, तरी आम्ही तिघी ‘खाल्लं’ म्हणणार, आणि खाणाऱ्याच्या कपाळावर टिळा लावायचा की नाही, हे तिघींच्या भाषांनी आपापलं ठरवलेलं. हा ‘ने’ म्हणजे माझ्या लेखी टिळाच आहे. ज्याने काही करून दाखवलं, त्याला तो लागतो.

आता रेणापूर. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झाल्याला फार दिवस लोटले नव्हते. तुमचे आजोबा नव्या कचेरीत नोकरीला होते. नव्या खुर्च्या, नवे शिक्के, आणि ‘आपला जिल्हा’ म्हणताना लोकांच्या आवाजात आलेला एक नवा जोर. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा छाती पुढे काढून म्हणायचा, “आता उस्मानाबादला हेलपाटा न्हाई!” नेमका त्याच सुमाराला पाऊस रुसला. ज्वारी कमरेइतकी होऊन वाळली. शेतातल्या भेगांत हात जाईल अशी जमीन उलली. आजोबा रोज लातूरला जायचे, मी रेणापूरच्या शाळेत शिकवायची, आणि आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर जवळच्या एका खेड्यात बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायला चालत जायची.

तो वर्ग वस्तीतल्या बुद्धविहारात भरायचा. वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. पुरुष बहुतेक ऊसतोडीला नाहीतर कामासाठी बाहेरगावी गेलेले. बायका सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि दुपारनंतर केस विंचरून, तोंडावर ओला हात फिरवून पाटी घेऊन बसायच्या. ओला हातच, तोंड धुण्याइतकं पाणी कुणाकडे होतं? गावची विहीर वरच्या अंगाला. तिच्यावर वरच्या गल्लीचं भरून झालं की वस्तीचा नंबर लागायचा, आणि तोवर खाली गाळ उरायचा.

त्या वर्गात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बायका स्वतःबद्दल जे जे सांगायच्या, त्यात ‘ला’ असायचा. मला ताप आला. मला पाणी मिळालं न्हाई. आमाला नंबर लागला न्हाई. लेकराला भूक लागली. पोरीला स्थळ आलं. सगळं बाहेरून येणारं, लागणारं, मिळणारं, नाहीतर न मिळणारं. दुष्काळ हा ‘ला’चा ऋतू असतो. माणूस वाक्यात पहिला बसतो खरा, पण बसून नुसती वाट बघत असतो.

गयाबाई मात्र वेगळी होती. चाळिशीची, सावळी, रुंद खांद्यांची, आवाज खणखणीत. तिने पाटीवर पहिलं आख्खं वाक्य लिहिलं ते असं: ‘म्या भाकर केली.’

तिची जाऊ चंद्राबाई शेजारून डोकावली. “अगं, म्या न्हाई, मी लिव. बाईंच्या पुस्तकात मी हाय.”

“पुस्तकातल्या बाईनं केली असंल तर ती लिवील मी,” गयाबाई म्हणाली. “माझी भाकर म्या केली.”

मी ते वाक्य पुसू दिलं नाही. मी कॉलेजात शिकले होते की ‘म्या’ हे जुनं रूप आहे. पूर्वी मराठीत ‘मी’लाही हा टिळा लागायचा. पुढे शहाण्या लोकांच्या मराठीने तो पुसला आणि नुसता ‘मी’ ठेवला. आमच्या मराठवाड्यातल्या बायकांनी तो जपला. पुण्याची माणसं या ‘म्या’ला हसतात. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तुम्ही दोघांनी तो कुठे ऐकलात तर तुम्हीही हसू नका.

वस्तीच्या कडेला एक खड्डा होता. पंचायतीने केव्हातरी नारळ फोडून विहिरीला सुरुवात केली होती, आणि कमरेइतकं खोल गेल्यावर काम सोडलं होतं. पुढे त्यात कचरा टाकायचे. त्या उन्हाळ्यात एका दुपारी वर्ग सुटल्यावर गयाबाई त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि म्हणाली, “सकाळच्याला लोकांची खडी फोडतोच की. दुपारच्याला आपली फोडू.”

एवढंच. भाषण नाही, ठराव नाही. दुसऱ्या दिवशी बायका टिकाव आणि टोपली घेऊन आल्या. आधी कचरा उपसला, मग काळी माती, मग पिवळा मुरूम. साडीचा काष्टा मारलेल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या त्या बायकांची रांग खालपासून वरपर्यंत टोपली पोचवायची. वर्ग आता खड्ड्याच्या काठावर भरायला लागला. मी वरून शब्द सांगायची, त्या टिकावाच्या तालावर अक्षरं म्हणायच्या. मुरमाचा तो कोरडा गोडसर वास, फुटलेल्या घट्ट्यांना लावलेली हळद, आणि “क ला काना का” म्हणताना मध्येच पिकलेलं हसू. दगड लागला तेव्हा दुष्काळी कामावरची सुरुंगाची माणसं आली, धूळ बसली, बायका पुन्हा उतरल्या. आणि एका दुपारी खालून चंद्राबाईची हाक आली, “बाई! पायाला गार लागतंय!”

मी वाकून पाहिलं. खडकाच्या फटीतून पाणी पाझरत होतं. गयाबाईने ओंजळ भरली, आधी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला लावली, आणि मग स्वतः प्याली.

थोडं थांबते. वरच्या वाक्यात ‘लावली’ला ‘गयाबाईने’ आहे आणि ‘प्याली’ला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मराठीचा हा एक बारकावा मला फार आवडतो. पाणी पिणाऱ्याला मराठी ‘ने’ देत नाही. ‘तो पाणी प्याला.’ पाणी पाजणाऱ्याला देते. ‘त्याने पाणी पाजलं.’ शिकणाऱ्याला नाही, शिकवणाऱ्याला आहे. ती शिकली, तिने शिकवलं. घेऊन आपल्यातच मुरवलं त्याला टिळा नाही, आणि दुसऱ्यापर्यंत पोचवलं त्याला आहे. नियमाला अपवाद आहेत, हे मी शिक्षिका म्हणून सांगून ठेवते. पण हा विचार मनात ठेवून भाषेकडे बघा.

विहिरीला पाणी लागल्याची बातमी गावात पोचली आणि सरपंच आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. किराण्याचं मोठं दुकान, गळ्यात लिंग, पांढरं धोतर, माणूस बोलका आणि मुळात वाईट नाही. पण गावात काहीही घडलं की ते आपल्यामुळे घडलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी विहीर वाकून बघितली, खुश झाले आणि म्हणाले, “झकास! नव्या जिल्ह्याचे साहेब बोलावू, उद्घाटन करू, दगड बसवू. पाणी आता सगळ्या गावाचं. वरच्या गल्लीपासून नंबर लावून देतो.”

बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. पुन्हा तेच होतं. वरून सुरुवात, खाली गाळ.

आणि दोन-तीन दिवसांत दगड आला. घडीव, गुळगुळीत. कोरायच्या आधी त्यावर खडूने मजकूर लिहिला होता: ‘टंचाई काळात ग्रामपंचायतीमार्फत ही विहीर खोदण्यात आली. उद्घाटन मा. साहेबांच्या शुभहस्ते.’

हे ‘खोदण्यात आली’ आमच्या घरी चांगलं ओळखीचं होतं. आजोबा कचेरीतून ते रोज घेऊन यायचे. सरकारी मराठीत कुणीच काही करत नाही. सगळं करण्यात येतं. रस्ता बांधण्यात येतो, चौकशी करण्यात येते. मी आजोबांना चिडवायला विचारायची, “जेवलात का हो?” ते गंभीरपणे म्हणायचे, “भोजन करण्यात आलेलं आहे.” घरात त्याचं हसू व्हायचं. दगडावर मात्र ते वाचून मला हसू आलं नाही.

बायका दगडाभोवती जमल्या. त्यांना आता वाचता येत होतं, अडखळत का होईना. गयाबाईने बोट फिरवत वाचलं. वि-ही-र खो-द-ण्या-त आ-ली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, “बाई, ह्याच्यात माणूसच न्हाई.”

“इहीर काय चालत आली व्हय?” चंद्राबाई म्हणाली. “‘आली’ लिवलंय खरं. नांदायला आली जणू!”

हसणं थांबल्यावर गयाबाई दगडाशेजारी बसली. “हसा. पन दगडावर जसं लिवलं, तसंच नंबर लागंल. पंचायतीनं खांदली म्हटल्यावर पंचायत वाटंल पाणी. आमी पाणी अडवीत न्हाई बाई. तहान सगळ्याला सारखीच लागती. सगळ्याला देऊ. पन देऊ आमी.”

तिला नेमकं काय हवं होतं, ते मला या शेवटच्या तीन शब्दांत समजलं. पाणी तर तिच्याकडे होतंच. आयुष्यभर ती आणि तिची माणसं ‘आमाला मिळालं, आमाला न्हाई मिळालं’ अशा वाक्यांत राहिली होती. आता एकदा तरी तिला देणाऱ्याच्या जागी उभं राहायचं होतं, आणि गावाने ते मान्य करायला हवं होतं.

मी फडक्याने खडू पुसला आणि लिहिलं: ‘ही विहीर आम्ही खोदली.’ मला ते वाक्य फार देखणं वाटलं. चंद्राबाईने ते मोठ्यांदा वाचलं, आणि वाचता वाचताच थबकली.

“बाई, हे आप्पा वाचतील तवा?”

“तेव्हा काय?”

“तवा ते बी म्हणतील, ही इहीर आमी खांदली! जो वाचंल त्याची व्हायची की!”

आम्ही सगळ्याजणी इतक्या हसलो की चंद्राबाईला ठसका लागला. खरंच होतं ते. ‘आम्ही’ ज्याच्या तोंडात जाईल त्याचा होतो. शिवाय त्याला ‘ने’चा टिळाही लागत नाही. मी पुन्हा पुसलं आणि लिहिलं: ‘ही विहीर या वस्तीतल्या बायकांनी खोदली.’ गयाबाईने बोट ‘नी’वर टेकवलं आणि विचारलं, “ह्ये काय?”

“हे तुमचं,” मी म्हणाले. “हे असलं की कुणीही वाचलं तरी काम तुमचंच राहतं.”

संध्याकाळी आप्पा आले, पुसलेला दगड बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्याबरोबर चावडीवरची चार माणसंही होती. “मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या,” ते मला म्हणाले, “सरकारी भाषा अशी नसते. साहेब काय म्हणतील? अन् सुरुवात पंचायतीनं केली, हे कुठं गेलं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गयाबाई पुढे झाली. पदर खोचलेला, हातावर मुरमाची पिवळी धूळ.

“आप्पा, एक विचारू?”

“विचार.”

“इहीर कुणी खांदली?”

“हेच तर लिहिलं होतं. ग्रामपंचायतीमार्फत खोदण्यात...”

“लिवलेलं न्हाई. घरी वैनीला कसं सांगताल, तसं सांगा. इहीर कुणी खांदली?”

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. चावडीवरचा एकजण मिशीत हसत होता. ‘खोदण्यात आली’ असं कुणी तोंडाने बोलत नाही; ते कागदावरच उभं राहतं, जिभेवर टिकत नाही. आप्पांनी धोतराचा सोगा झटकला.

“तुमीच खांदली की! कोण न्हाई म्हणतंय?”

“मग तसंच लिवा,” गयाबाई म्हणाली. “अन् ज्यानं खांदली त्यानं पाणी वाटावं. खालून बी न्हाई, वरून बी न्हाई. जी आधी आली तिला आधी.”

“अन् साहेबांचं नाव?”

“लिवा की. त्यांचे हस्ते बी लिवा. हात त्यांचे, घट्टे आमचे.”

यावर आप्पासुद्धा हसले. हसलेला माणूस पुन्हा आठ्या घालू शकत नाही. ‘पंचायतीने सुरुवात केली’ ही ओळ त्यांनी मागून घेतली, आणि बायकांनीही ती दिली. खरी होती ना ती! सुरुवात पंचायतीने केली, खोदली बायकांनी, उद्घाटन साहेबांच्या हस्ते. त्या दगडावर सगळं जिथल्या तिथे बसलं. इतकं नीटनेटकं व्याकरण मी पुढे कुठल्याही सरकारी दगडावर पाहिलं नाही.

इथे आणखी एक सांगते. मराठीत ‘ने’ लागला की क्रियापद करणाऱ्याकडे बघत नाही. विहीर खोदली, खड्डा खोदला, तळं खोदलं. करणारा एक असो की वीस, बाई असो की पुरुष, क्रियापद जुळतं ते केलेल्या कामाशी. करणाऱ्याला टिळा मिळतो, पण वाक्याची शेवटची जागा कामाची. इंग्रजीतल्या ताठ ‘आय’ला हे कधी जमलं नाही. मी इंग्रजीवर जन्मभर प्रेम केलं, तिच्यावर माझं घर चाललं. तरी या एका बाबतीत माझी मान आपल्या भाषेसाठी वर होते.

उद्घाटनाला मांडव घातला होता. साहेब तरुण होते, मराठी नव्यानेच शिकलेले. त्यांनी फीत कापली आणि दगड मोठ्याने वाचला. “बायकांनी” म्हणताना त्यांनी ‘नी’ जरा जास्तच लांबवला. बायकांना वाटलं तो मुद्दाम लांबवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खडी फोडून कडक झालेल्या तळव्यांच्या त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गावात गेले, ती आप्पांच्या घरी. कार्यक्रम चांगला झाला म्हणून त्यांनी चहाला बोलावलं होतं. ओसरीवर आम्ही बसलो होतो. आप्पा नव्या जिल्ह्याबद्दल, साहेबांच्या मराठीबद्दल बोलत होते. वैनी घरात दिसेनात. आप्पांच्या घरची बाई आजवर पाण्याला कधी खालच्या अंगाला गेली नव्हती. त्या दिवशी वैनी गेल्या होत्या. आमच्या कपातला चहा संपत आला तेव्हा त्या दारातून आत आल्या. डोक्यावर भरलेली घागर, पदर ओला, कपाळावर पाण्याचे थेंब.

आप्पांनी विचारलं, “मिळालं का गं पाणी?”

वैनींनी घागर उतरवून खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “गयाबाईनं दिलं.”